दाखल्यावरचं जन्मगाव

फुटबॉलमध्ये स्टॉपरचं काम एकच. आपल्या गोलसमोर उभं राहायचं आणि समोरच्याला पुढे जाऊ द्यायचं नाही. मी ते काम बारा वर्षं पगार घेऊन केलं, आधी नागपुरात, मग कलकत्त्यात. चांगलं केलं. हे स्वतःच्या तोंडानं सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. गोल मारणाऱ्याचं नाव पेपरात येतं, अडवणाऱ्याचं येतं ते तो चुकला तरच. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. मला एकच गोष्ट पाहिजे होती. देशाच्या जर्सीत एक मॅच. पूर्ण नव्वद मिनिटं नकोत, शेवटची दहा मिनिटं बदली म्हणून उतरवलं असतं तरी चाललं असतं. कोणत्या देशाची जर्सी, यावरही मी अडून बसलो नसतो. माझे दोन देश होते.

बाबांचं कारंज्याला, म्हणजे वर्ध्याकडच्या घाडग्यांच्या कारंज्याला, हायवेला लागून किराणा दुकान. धाब्यांना डाळ-तांदूळ, तेलाचे पिपे आमच्याकडून जायचे. आई नेपाळची. तिचे वडील आपल्याच फौजेत गोरखा शिपाई होते आणि नोकरीची शेवटची वर्षं पुलगावच्या लष्करी डेपोत होते. बाबा तिकडे माल पोचवायला जायचे, तिथं आई दिसली. मग दोन्ही घरांत जे व्हायचं ते सगळं झालं. रडारड, शिव्या, अन्नावर बहिष्कार. शेवटी लग्न लागलं. आजोबा पेन्शन घेऊन नेपाळात, पोखऱ्याच्या पलीकडे आपल्या डोंगरातल्या गावी निघून गेले.

आता गंमत पाहा. आमच्या घरात नेपाळी सुनेशी कोणी धड बोलत नव्हतं, तिच्या हातचं पाणी घ्यायचं की नाही यावर वाद होते, पण पहिलं बाळंतपण माहेरी म्हणजे माहेरीच. त्या रिवाजात सूट नाही. सातव्या महिन्यात आईला रेल्वेनं गोरखपूर, तिथून बस, तिथून दुसरी बस, आणि शेवटी अर्धा दिवस डोंगर चढत पायी पाठवलं. रिवाज मोडला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? पण नाही. मी तिकडे जन्मलो, दसऱ्याच्या सुमारास. आजोबांनी लगेच नोंद केली. कारंज्याला तार पोचली तेव्हा मी नऊ दिवसांचा होतो, आणि बाबांनी अख्ख्या बाजारात पेढे वाटले.

शाळेत घालायची वेळ आली तेव्हा वय थोडं कमी पडत होतं. हेडमास्तरांनी सवयीनं जुलैची पहिली तारीख टाकून दिली. अर्धा वर्ग त्याच दिवशी जन्मलेला होता, एक मी वाढलो. म्हणजे दाखल्याप्रमाणे मी आईच्या पोटात असतानाच तीन महिन्यांचा होतो. मग त्यांनी विचारलं, "जन्मगाव?" बाबा म्हणाले, "कारंजा लिवा ना गुरुजी. परदेश कायले लिवता? उद्या काही अडलं तं?"

शाळेत पोरं मला बहादूर म्हणायची. मी त्यांना बदडायचो. डोकं माझं लहानपणापासून गरम. आईनं कंटाळून मला रविवारी पुलगावला न्यायला सुरुवात केली. तिचा चुलतभाऊ तिथं शिपाई होता आणि त्यांच्या बराकीमागच्या मैदानात फुटबॉल चालायचा. मामानं मला पहिल्या दिवशी जे सांगितलं तेच मी बारा वर्षं खेळलो. "बॉल मत देख, कमर देख. बॉल धोका देता है, कमर नहीं देती." कारंज्याची पोरं क्रिकेट खेळत होती आणि मी माणसांच्या कमरा पाहत होतो. दहावीनंतर नागपूरच्या लीगमध्ये आलो, तिथून कलकत्त्याच्या एका क्लबनं करार केला. बाबांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. गिऱ्हाइकांना मात्र सांगायचे, "पोरगा कंपनीत आहे, पायाचं काम आहे."

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा तो निरोप आला. देशाच्या संघासाठी पस्तीस जणांचं शिबिर, त्यातून वीस निवडणार, आणि शिबिर संपलं की लगेच परदेश दौरा. पस्तिसात मी. निरोप कळला तेव्हा मेसमध्ये जेवत होतो. हात धुवायचं सोडून तसाच फोनवर गेलो आणि दुकानात बाबांना सांगितलं. बाबा फोनवर रडले. मॅनेजरनं मात्र एकच विचारलं, "पासपोर्ट आहे ना?"

नव्हता. कशाला असेल? नेपाळला जायला लागत नाही, आणि दुसरीकडे कुठं आम्ही जाणार होतो! हातात दीड महिना होता. दोन दिवसांची सुट्टी काढून मी घरी आलो. फॉर्मला जन्माचा दाखला जोडायचा होता.

आई म्हणाली, "माह्या बाबानं केलेली नोंद हाय ना पेटीत. तो दाखला जोडा."

"तो दाखवला का संपलंच," बाबा म्हणाले. "म्हनतीन, हा तं त्यांचाच पोट्टा. शाळेच्या दाखल्यावर कारंजा हाय, तं जन्माच्या दाखल्यावरबी कारंजाच पाह्यजे. कागद जुळले पाह्यजे."

आमच्याकडे हे असंच चालतं. माणूस कधी आणि कुठं जन्मला ते शाळेचा दाखला ठरवतो, आणि बाकीचे सगळे कागद मागाहून त्याच्याशी जुळवून घेतात. कोणाला त्यात खोटं वाटत नाही. ग्रामपंचायतीत बाबांचा एक ओळखीचा माणूस होता, तो जन्माची उशिरा नोंद करून द्यायला तयार होता. बाबांनी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं की मूल घरीच झालं, आणि दोन साक्षीदार आणायचे.

आई चुलीसमोरून उठली नाही, तिथूनच बोलली. "घरी झालं? मंग मी तीन दिवस गाड्यायनं कुठं गेलती? काऊन खोटं लिवून राह्यले तुमी? माह्या माहेराची इतकी लाज वाटते का तुमाले?"

"लाज नाई वं. पोराचं भलं पाहून राह्यलो."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आई, बाबा म्हणतात तसं होऊ दे. एकदाच तर आहे." हे वाक्य मी बोललो. बाबांवर मी नंतर पुष्कळ चिडलो, घसा फोडून ओरडलो, पण फॉर्मवर सही माझी होती. तेव्हा मला फक्त जर्सी दिसत होती. आई भाकरी थापत राहिली.

शिबिर सुरू झालं. सरावाच्या दोन्ही मॅचमध्ये मला पहिल्या अकरात उतरवलं. कोच कमी बोलणारा माणूस होता, पण एकदा जवळून जाताना माझ्या खांद्यावर थाप मारून गेला. ती थाप मला अजून आठवते, काय सांगू.

इकडे कारंज्यात पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला. भला माणूस. आधी आमच्या दुकानात न येता समोरच्या पानठेल्यावर थांबला. पानठेलेवाला माझ्यावर जीव टाकायचा. पेपरात माझ्या टीमची चार ओळींची बातमी आली तरी कापून काचेला चिकटवायचा. हवालदारानं विचारलं, "पोरगा इथलाच ना?"

"इथलाच म्हंजे! अहो साहेब, हा जलमला तवा नेपाळातून तार आलती. मामुली पोट्टा नाई तो. या बजारात पेढे वाटले त्याच्या बापानं. म्या सोता दोन खाल्ले."

त्याला वाटलं, माझा रुबाब वाढवतोय. बिचाऱ्यानं आणखी चार माणसं हाक मारून बोलावली. सगळ्यांना पेढे आठवत होते. हवालदार मग रस्ता ओलांडून दुकानात आला. बाबांनी नवाकोरा दाखला पुढे ठेवला. त्यानं तो वाचला, बाबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "शेटजी, हे काय करून ठेवलं?"

त्यानं जे होतं तेच लिहिलं. त्याला मी कधी दोष दिला नाही. पासपोर्ट अडला आणि बाबांवर खोटं लिहून दिल्याची केस उभी राहिली. मॅनेजरनं मला मैदानातून बाजूला बोलावलं, तेव्हा आमचा कॉर्नरचा सराव चालू होता. माझ्या जागी छत्तिसावा पोरगा आला. कमरेऐवजी बॉलकडे पाहणारा. तो गेला दौऱ्यावर. मी बॅग भरली. दोन दिवसांचा प्रवास करून घरी पोचलो आणि बाबांवर तुटून पडलो. गिऱ्हाइकांसमोर. "तुम्ही माझं वाटोळं केलं," असं म्हटलं. बाबा तराजूचा काटा धरून उभे राहिले, वर पाहिलं नाही. पानठेलेवाला त्यानंतर महिनाभर माझ्यासमोर आला नाही. त्याच्या काचेवरच्या बातम्या मात्र तशाच होत्या.

पुढच्या वर्षी मामाचा निरोप आला. तो रिटायर होऊन नेपाळात परत गेला होता. तिकडच्या देशाच्या संघाला स्टॉपर पाहिजे, ये, तुझा तर जन्मच इथला. मी आईला घेऊन गेलो. तिथल्या कोचनं चार दिवस खेळवलं आणि पाचव्या दिवशी म्हणाला, कागद आण, बाकी मी पाहतो. आईचा चेहरा कसा उजळला होता! वडिलांनी केलेली माझ्या जन्माची नोंद तिनं रुमालात बांधून आणली होती. नागरिकत्वाच्या कचेरीतल्या माणसानं ती नीट वाचली, खरी आहे म्हणाला. मग त्यानं विचारलं, "बाप कुठला?"

आईनं सांगितलं.

त्यानं कागद घडी घालून परत दिला. कायदा बापाकडून चालतो, म्हणाला. आई त्याच्याशी तिच्या भाषेत भांडली. मी इथली, माझे वडील इथले, हा माझ्या पोटातून इथं पडला, अजून काय पाहिजे? माणूस वाईट नव्हता, त्यानं आम्हाला चहा पाजला. बाहेर आल्यावर आई पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "तिकडं माहं माहेर चालत नाई, इकडं माहं सासर चालत नाई. मी पोरगा कोनाचा जलमाले घातला?"

त्यानंतर दोन सीझन मी कलकत्त्यात खेळलो, पण खेळलो म्हणजे नोकरी केली. मग उजवा गुडघा गेला आणि क्लबनं करार वाढवला नाही. मी कारंज्याला येऊन दुकानात बसलो. बाबांची केस वर्षानुवर्षं तारखांवर चालली. शेवटी वय पाहून त्यांना समज देऊन सोडलं. वकील म्हणाला, एकदा खऱ्या कागदांवर पासपोर्ट काढून घ्या, म्हणजे डाग राहणार नाही. म्हणून चौतिसाव्या वर्षी, लंगडत, मी नागपूरला पासपोर्टच्या खिडकीसमोर उभा राहिलो. आजोबांनी केलेली नोंद, तिचं भाषांतर आणि बाबांचे कागद जोडले होते.

आत माझ्याच वयाची एक बाई होती. तिनं पानं उलटली. म्हणाली, "वडील भारतीय आहेत ना? मग जन्म कुठंही होऊ दे, तुम्ही भारतीयच. हाच दाखला पहिल्यांदा का नाही जोडला? तेव्हाच मिळाला असता."

मी बाहेर येऊन बसस्टँडवर बसलो आणि दोन गाड्या जाऊ दिल्या. इतकं सोपं होतं. आई चुलीसमोर बसून सांगत होती, तेवढंच करायचं होतं. हे मी बाबांना कधीच सांगितलं नाही. आधीचं जे ओरडलो होतो तेच खूप झालं होतं.

पासपोर्ट टपालानं दुकानात आला. बाबांनी हात धोतराला पुसले, पाकीट कपाळाला लावलं, मला उघडायला लावलं. जन्मगावाच्या जागी डोंगरातल्या त्या गावाचं नाव होतं. त्यांनी ते आईला वाचून दाखवलं, मोठ्यानं. मग माझ्याकडे वळले. "झालं ना आता? आता कधी बोलावतीन तुले?"

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. खेळाडूला वय असतं, संघ थांबत नसतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. दुकानाची पायरी मी शटरला धरून चढायचो, ते त्यांना रोज दिसत होतं. तरी ते माझ्या तोंडाकडे पाहत उभे होते. सांगायचं होतं. धीर झाला नाही.

"पुढच्या महिन्यात," मी म्हटलं.

त्यांनी सगळ्या बाजाराला सांगितलं. पुढच्या महिन्यात विचारलं की मी पुन्हा पुढचा महिना सांगायचो. लोक समजून होते, कोणी हसलं नाही. आई त्या वेळी उठून आत जायची.

दिवाळीनंतर बाबांना वर्ध्याच्या दवाखान्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "टीम कधी निघून राह्यली?"

"उद्या," मी म्हटलं. जिभेला सवय झाली होती.

"मंग तू इथं कायले बसला?" त्यांनी माझा हात झटकला. अंगात त्राण नव्हतं, पण जमेल तेवढ्या जोरानं झटकला. "जा. गाडी सुटन. एक डाव माह्यानं चुकलं, आता नाई चुकलं पाह्यजे. जा म्हनतो ना!"

मी हललो नाही तर ते उठून बसायला लागले. सिस्टर ओरडली, त्यांना शांत ठेवा. आई म्हणाली, "जा बाबू, खाली जाऊन थांब." मी वाकून पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. मग मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. थोडे झोपले की वर जायचं, असं ठरवलं होतं.

तासाभरानं आई स्वतः खाली आली. तिनं मला पाहिलं आणि मान हलवली. बाबा गेले होते.

मी विचारलं, "काही म्हणाले?"

"इचारत होते, त्याले गाडी भेटली का म्हनून."

"मग?"

"मी सांगतलं, भेटली."