वातीजवळची चिठ्ठी

लेकीच्या केकवरच्या मेणबत्त्यांना लावायला मी शुभेच्छांच्या चिठ्ठ्या कापत होते. डिंकाची बाटली उघडली आणि त्या वासानं मला हडकोतल्या आमच्या जुन्या घरात नेलं.

माझा दहावा वाढदिवस होता. ताईनं प्रत्येकाकडून रंगीत कागदावर दोन शब्द लिहून घेतले आणि ते झेंड्यांसारखे मेणबत्त्यांना चिकटवले. अप्पा चितेगावच्या कंपनीतून नुकतेच दमून आले होते. त्यांनी आमच्याकडं पाठ करून काहीतरी लिहिलं आणि आपली चिठ्ठी स्वतःच चिकटवली, अगदी वातीला लागून.

मी फुंकर मारणार, तेवढ्यात आई ओवाळायचं ताट घेऊन आली. “वाढदिवसाला ज्योत विझवायची नाय. जळू दे.” तिचं औक्षण होईपर्यंत अप्पांची चिठ्ठी जळून गेली. पांढऱ्या क्रीमवर चिमूटभर काळी राख उरली.

“अप्पा, काय लिहिलं होतं?”

“काय नाय गं, असंच,” म्हणत ते कानामागं खाजवत राहिले. चिठ्ठी वातीला लागून चिकटवणं हा मला तेव्हा त्यांचा वेंधळेपणा वाटला.

आज लेकीसाठी लिहिलेली ओळ वाचून माझी मलाच लाज वाटली. हात आपोआप वर गेला आणि मी चिठ्ठी वातीजवळ चिकटवून बसले. मग ती हळूच सोडवली आणि खाली, केकला टेकेल अशी लावली.