पार्सल अण्णांकडे ठेवा

अण्णा गेला त्या सकाळी मला पहिला फोन आला तो एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंचा. आम्ही अजून हॉस्पिटलातच होतो. "फार वाईट झालं हो," बाई म्हणाल्या, आणि मग, "माझं एक पार्सल दुकानात राहिलंय. आज कोणी उघडेल का?" मी फोन ठेवून दिला. माझा थोरला भाऊ, रत्नागिरीत एसटी स्टँडजवळच्या गल्लीत जन्मभर पुस्तकं विकत बसलेला माणूस, आत पांढऱ्या चादरीखाली होता आणि बाईंना काळजी पार्सलाची. त्यात काय असणार हे मला न उघडता ठाऊक होतं. पुस्तक! ऑनलाइन मागवलेलं, आणि पत्ता दिलेला अण्णाच्या पुस्तकांच्या दुकानाचा.

कोणाला हे खरं वाटणार नाही, म्हणून नीट सांगते. अण्णानं लग्न केलं नाही, दुकान हाच त्याचा संसार. दापोलीला रेल्वे नाही, वेळणेश्वराला तर नाहीच; तिकडे त्याची पुस्तकं एसटीनं जायची. ड्रायव्हरच्या सीटमागे पुडकं ठेवायचं आणि तिकडच्या मास्तरांना फोन लावायचा, "गाडी सुटली हो, स्टँडवर या." दुकानात कोणी नुसतं नाव ऐकून पुस्तक घ्यायला लागलं की हा ते हातातून काढून घ्यायचा. "आधी तिथं बसून चार पानं वाचा. नाही आवडलं तर ठेवून जा." गिऱ्हाइकाला असं परतवणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. पण या वेडेपणावरच ते दुकान चाललं, कारण अण्णाकडून नेलेलं पुस्तक घरी पडून राहत नाही हे गावाला कळलं होतं.

मग घरबसल्या सवलतीत पुस्तकं मिळायला लागली आणि गाव पांगलं. खेड्यातल्या मास्तरांना मी बोल लावत नाही, त्यांची ओढाताण मला माहीत आहे. माझा राग आहे तो बंगलेवाल्यांवर, दर रविवारी अण्णाचा चहा पिऊन 'काय वाचू?' विचारणाऱ्यांवर. ते विचारायचे इथे आणि मागवायचे तिकडून. वर कुरिअरवाला येतो तेव्हा घराला कुलूप, म्हणून ही मंडळी पत्त्यातच लिहू लागली, 'घरी नसल्यास पार्सल अण्णांकडे ठेवा.' आणि अण्णा ठेवून घ्यायचा! आषाढात एकदा मी गेले तर टेबलावर खोक्यांची चळत, आणि हा फडक्यानं एकेक पुसतोय.

"अरे, यातली अर्धी पुस्तकं तुझ्याच मागच्या फळीवर असतील!"

"असतील."

"मग घेतोस कशाला?"

"अगो, नाही घेतली तर पायरीवर टाकून जातो तो. भिजतील ना!"

"तुला राग कसा येत नाही रे?"

"वाचतायत ना गो… मग झालं."

मी चहा न घेता उठून आले. त्याचा हा चांगुलपणा मला कधीच आवडला नाही, आणि तो गेला म्हणून आज आवडतो असं खोटं मी लिहिणार नाही.

शोकसभा मात्र दणक्यात झाली. एक वक्ते अण्णाला वाचनसंस्कृतीचा दीपस्तंभ म्हणाले. दुसऱ्यांनी खिशातून पुस्तकं वाचायचं यंत्र काढून दाखवलं, अख्खी लायब्ररी आता यात मावते, पण अण्णांची सर त्याला नाही, म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला उठून एवढंच विचारायचं होतं, की अण्णाकडून शेवटचं पुस्तक कधी घेतलंत? त्याऐवजी हात जोडले आणि घरी आले.

नंतर एका कुरिअर कंपनीचा माणूस आला. दुकान आता माझ्याकडे आलंय, ते त्यांना भाड्यानं हवं होतं. "फळ्या तयारच आहेत काकू, पार्सलं ठेवायला एकदम बेस्ट," तो म्हणाला. विचार करून सांगते म्हटलं. खरं सांगायचं तर मी देणारच होते. मला कुठे धंदा जमणार होता?

पुस्तकं आवरायला म्हणून दुकान उघडून बसले होते, तर बँकेतले एक गृहस्थ आले. नेहमीच्यासारखे आत शिरले, नवं पुस्तक काढलं, मागचं-पुढचं वाचलं आणि ऑनलाइन मागवायचं म्हणून मोबाइलवर कव्हराचा फोटो काढायला लागले. "काकू, अंधार पडतोय," ते म्हणाले, "तो वरचा लाइट लावता का जरा? अण्णा लावायचे नेहमी, फोटो साफ यावा म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे अण्णा स्वतः उठून, स्वतःच्या हातानं…

मी उठले. होता तोही दिवा मालवला. "अण्णा गेले," मी म्हटलं. "आता इथे मी बसते." ते पुस्तक ठेवून निघून गेले. गेले तर गेले.

कुरिअर कंपनीला मी त्याच संध्याकाळी नाही म्हणून कळवलं. दुकान चालेल असं नाही, पण त्यांची खोकी त्या फळ्यांवर चढणार नाहीत. त्या वरच्या लाइटच्या बटणाभोवतीची भिंत अण्णाच्या बोटांनी काळी झाली आहे. तिच्याकडे बघितलं की मला अजून त्याचा राग येतो… येऊ दे. दिवाळीआधी दुकानाला रंग द्यायचाय. रंगाऱ्याला बजावलंय, तेवढ्या भिंतीला हात लावायचा नाही.