पाटावर बसलेला कॅमेरा

पंचेचाळिशीत एम.ए. करायची हौस माझीच, त्यामुळे रडायचीही सोय नव्हती. प्रबंधाचा विषय होता स्त्री दिग्दर्शकांची नजर. पहिला खर्डा सरांनी परत पाठवला. "पुस्तकांतली मतं छान जमवलीत. तुम्हाला स्वतःला काय दिसलं?" खरं सांगायचं तर काहीच दिसलं नव्हतं. पुन्हा परत आला असता तर वर्ष गेलंच होतं.

कर्जतजवळच्या भिसेगावच्या घरात मी प्रबंधातले सिनेमे, तुलनेला घेतलेले पुरुषांचेही, लॅपटॉपवर परत लावले. शेजारी सासूबाई वाल सोलत बसायच्या. सिनेमांची भाषा त्यांना कळत नव्हती, पण लक्ष पडद्यावरच. एका दुपारी म्हणाल्या, "ह्यो पिक्चर बाईनं काडलाय ना गं?"

मी चाटच पडले. "कशावरून, आई?"

"मगाच्या पिक्चरमदी चुलीपुडची बाई उब्यानं बगितली. हितं तिच्या शेजारी पाट टाकून बसून बगितलीय. लाकूड ओलं हाय, तिचं डोळं चुरचुरतात, समदं दिसतंय."

नियम सापडला म्हणून मी हुरळले, तर पुढच्याच दिग्दर्शिकेनं तो मोडला. तिचा कॅमेरा सारखा गच्चीवर, माणसं लांबून इवलीशी. "हिचा जीव घरात घुसमटत आसंल," सासूबाईंनी निकाल दिला. बायकांची नजर म्हणून सगळ्यांची एक मोट बांधायला निघाले होते मी! प्रत्येकीची बसायची जागा वेगळी होती. प्रबंध त्यावरच उभा राहिला. सासूबाईंचा उल्लेख मात्र कुठेच केला नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईचा दाखला दिला तर लोक हसतील असं वाटलं. लाज वाटली म्हणा ना.

तोंडी परीक्षेत परीक्षक बाईंनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "हे पाटावरचं निरीक्षण कुठल्या पुस्तकातलं?"

थाप अगदी ओठांवर आली होती. "सासूबाईंचं आहे," मी पुटपुटले.

"मग त्यांचं नाव का नाही? तेवढं घाला. बाकी उत्तम."

जीव असा भांड्यात पडला की कर्जतला उतरेपर्यंत मी एकटीच हसत होते.

घरी आल्यावर सासूबाईंजवळ सगळं कबूल केलं. लपवलं होतं तेही सांगितलं. "आता तुमचं नाव छापायचंय, आई." त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एक नाव सांगितलं. माहेरचं, लग्नात बदललेलं, या घरात वीस वर्षं राहून मी एकदाही न ऐकलेलं.

"ते घाल गं," त्या म्हणाल्या. "ते आजून कुटंच लिवलेलं नाय."