बाळकुमच्या गच्चीवरचा उलटा ट्रान्झिस्टर

गेल्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझं हसं झालं... आणि माझा अलार्म खरंच धड वाजला नव्हता, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या बाळकुमच्या बिल्डिंगची गच्चीवरची टाकी रोज सकाळी ओसंडून वाहते. वॉचमन पंप बंद करायला विसरतो, कमिटी नोटीस लावते. मी तीस वर्षं मुलींना फिजिक्स शिकवलंय. म्हटलं, टाकी भरली की बोंब मारणारा अलार्म मीच करते. दोन वायरी, तीन सेल, एक बझर, एक ट्रान्झिस्टर.

वायरींना पाणी लागलं की ट्रान्झिस्टरच्या मधल्या पायात, म्हणजे बेसमध्ये, किंचित करंट शिरतो. तेवढ्या इशाऱ्यावर उरलेल्या दोन पायांतून, म्हणजे कलेक्टर आणि एमिटरमधून, त्याच्या शेकडो पट करंट वाहतो आणि बझर ठणाणा वाजतो... वाजायला हवा.

सगळ्यांसमोर वायरी बादलीत बुडवल्या. बझर डासासारखा कुणकुणला.

सेक्रेटरी म्हणाले, "काकू, हा टाकीला अंगाई म्हणतोय का?" सगळे हसले. अलार्म टाकीवर बसवायचाच नाही असं ठरलं. वर, काकूंचा छंद आहे, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, असंही म्हणून झालं.

वाईट नाही, राग आला. घरी येऊन उघडला... चूक माझीच. कल्याणच्या दुकानात ट्रान्झिस्टरचा नेहमीचा नंबर नव्हता म्हणून दुसरा घेतला, आणि त्याच्या पायांचा क्रम उलटा असतो हे मी बघितलंच नाही. एमिटरच्या जागी कलेक्टर बसला होता.

एमिटर आणि कलेक्टर दोन्ही एन-टाइपचे, म्हणजे जास्तीचे इलेक्ट्रॉन असलेले, मध्ये बेसचा, उलट्या पी-टाइपचा, पातळ थर. म्हणून वाटतं, कसाही लावा. पण एमिटरच्या सिलिकॉनमध्ये दुसऱ्या मूलद्रव्याची मुद्दाम जास्त भेसळ केलेली असते, कारण त्याला इलेक्ट्रॉन सोडायचे असतात. कलेक्टर ऐसपैस, ते गोळा करणारा. उलटा लावला तर ट्रान्झिस्टर मरत नाही... नुसता कण्हतो.

पाय फिरवून पुन्हा सोल्डर केला, टाकीवर बसवला. ग्रुपवर लिहिलं, चूक माझी होती, दुरुस्त केली आहे, आता कोणी हात लावायचा नाही.

सोमवारी पावणेसातला तो जो वाजला... वॉचमन पंपाकडे धावला. सेक्रेटरी गालाला साबण तसाच ठेवून गच्चीवर आले. टाकी काठोकाठ, बाहेर थेंब नाही.

"काकू, आवाज जरा कमी करता येईल?"

"येईल. पण करणार नाही."

लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर चुकलेलं गणित खोडू द्यायच्या नाहीत. ते तसंच ठेवा, खाली बरोबर करून दाखवा, म्हणायच्या. तेव्हा त्यांचा फार संताप यायचा... आज त्यांचे मनापासून आभार.