त्र्याऐंशी फाट्यांचं फंक्शन

"मॅडम, ते मॅन्युअलचं बटन सॉफ्टवेअरमधून काढून टाका. सीझन लागायच्या आत."

शेठजींचा फोन नवरात्राच्या तोंडावर आला. बाभुळगावकडच्या रस्त्याला त्यांचं जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. सीझनमध्ये गेटवर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. कोणती गाडी आधी आत जाईल, तो नंबर आमचं सॉफ्टवेअर देतं. गेटवरच्या कारकुनानं मॅन्युअलचं बटण दाबलं, तर त्याला एखादी गाडी हातानं पुढे घेता येते.

"काहून काढता?" मी विचारलं.

"तो शेषराव दाबून राह्यला होता ना! गेल्या सीझनले मोजून एकसष्ट गाड्या त्यानं पुढं घेतल्या. लोक म्हणतात, पैसे खाते. गेटवरच चार लोकांत विचारलं तं म्हणते, हो, दाबलं. गेटवरून काढून गोदामात टाकला त्याले. दसरा झाला की घरी पाठवतो."

शेषराव त्या गेटवर बावीस वर्षं बसलेला माणूस. मी गेले की स्वतःचा डबा पुढे करायचा. माझ्या मनाला हे काही पटेना. पण गिऱ्हाइकाच्या घरच्या गोष्टीत आपण कायले पडावं? "काढते," म्हटलं.

माझं सांगायचं तर मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली नाही. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवता शिकवता तिथल्या एकुलत्या कॉम्प्युटरवर फॉक्सप्रोत प्रोग्राम लिहायला शिकले, आणि पुढचं सगळं चुकत चुकत. साठी उलटली तरी यवतमाळात दोन खोल्यांचं ऑफिस चालवते. सोबत पुसदची वैशाली असते. ती खरी इंजिनिअर, आणि मी तिची काकू.

बटण काढायचं म्हणजे दहा मिनिटांचं काम. वैशालीनं फाइल उघडली आणि खाली खाली सरकवतच गेली.

"काकू, हे नंबर ठरवायचं फंक्शन कोणी लिहिलं?"

"मी."

"सगळं?"

"सगळं. सात वर्षं लागली."

"दिसतेच आहे," ती म्हणाली.

फंक्शन म्हणजे प्रोग्राममधला एक काम करणारा तुकडा. त्यात जिथे 'असं असेल तर इकडे जा, नाहीतर तिकडे' येतं, तिथे वाटेला फाटा फुटतो. हे फाटे मोजायचं एक टूल असतं. दहापर्यंत आकडा आला तर ठीक, वीसच्या वर गेला तर काळजी करायची. वैशालीनं टूल चालवलं. आकडा आला त्र्याऐंशी. तिनं स्क्रीनचा फोटो काढला. मी म्हटलं, कोणाला पाठवशील तर बघ.

बरं, हे फंक्शन आमच्या लायब्ररीत होतं. लायब्ररी म्हणजे पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये वापरायचा सामाईक कोड. गावात लग्नाची मोठी भांडी एका ठिकाणी ठेवलेली असतात, ज्याच्या घरी कार्य तो घेऊन जातो, तसंच. तोच कोड जिनिंगच्या गेटवर, तोच एका दवाखान्यात पेशंटला टोकन देतो. म्हणून मी त्याला हात लावायला भ्यायची. पातेल्याला भोक पडलं तर सगळ्यांच्याच लग्नात गळणार.

आता त्र्याऐंशी फाटे का झाले, तेही सांगते. सुरुवातीला नियम एकच होता. आधी आला तो आधी. मग शेठजी म्हणाले, बारा वाजायच्या आत बैलगाडी ट्रॅक्टरच्या पुढे घ्या, बैल उन्हात तळमळतात. केलं. पुढच्या वर्षी म्हणाले, ओल जास्त निघाली तर कापूस आवारात वाळवायला पाठवा, आणि वाळवून परत आला की त्याचा जुनाच नंबर धरा. तेही केलं. नंतर शेतकरी गटाच्या गाड्या आल्या, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला, दवाखान्यातले म्हातारे पेशंट आले. दर वेळी गिऱ्हाईक फोनवर, गाडी गेटवर, आणि मी घाईत एक ओळ आणखी घुसवलेली. नवीन खोली बांधायची सोडून त्याच खोलीत खुंट्या ठोकत गेले.

"काकू, बटण काढलं आणि यातलं काही बिघडलं तर सीझनमध्ये सापडणारही नाही," वैशाली म्हणाली. "आधी हे रिफॅक्टर करू."

रिफॅक्टर करणं म्हणजे कोडचं काम तेच ठेवायचं, फक्त मांडणी सुधारायची. काम तेच राहिलं हे सिद्ध कसं करायचं? आम्ही गेल्या सीझनचं गेटचं सगळं रजिस्टर घेतलं. कोणती गाडी किती वाजता आली, ओल किती, परत केव्हा आली, सगळं त्यात होतं. ते जुन्या फंक्शनमधून चालवलं आणि आलेले नंबर ठेवून दिले. मग वैशालीनं त्या एका फंक्शनची नऊ छोटी फंक्शन्स केली. प्रत्येकाला समजेल असं नाव दिलं. तेच रजिस्टर नव्यातून चालवलं, आणि दोन्हीकडचे नंबर ताडून पाहिले.

एकोणसाठ गाड्यांचा नंबर जुळेना.

पूर्ण दिवस आम्ही नव्या कोडमध्ये चूक शोधत बसलो. सापडेना. दुसऱ्या दिवशी मी त्या एकोणसाठ गाड्या कागदावर छापून घेतल्या. मला अजूनही कागदावरच दिसतं. सगळ्या बैलगाड्या. सगळ्या वाळवून परत आलेल्या. परतीची वेळ सगळ्यांची दुपारची.

तेव्हा कळलं. नवा कोड बरोबर होता. माझा जुना कोड चुकत होता, आणि तोही पाच वर्षं.

व्हायचं असं. बैलगाडी सकाळी सातला आली, कापूस ओला निघाला, वाळवायला गेली. परत यायला एक वाजला. आता जुना नंबर धरायला हवा ना? पण माझा कोड आधी विचारायचा, 'बैलगाडी आहे आणि बारा वाजले नाहीत?' बारा तर वाजलेले. मग तो तिला भलत्याच फाट्यावर पाठवायचा, आणि तिथे परत आल्याची वेळ हीच आल्याची वेळ धरली जायची. सातची गाडी साडेबाराच्या ट्रॅक्टरच्याही मागे. ट्रॅक्टर वाळवून आला तर त्याचा नंबर शाबूत. बुडायची फक्त बैलगाडी.

"काकू, शेवटचा कॉलम बघा," वैशाली म्हणाली.

शेवटच्या कॉलममध्ये एकोणसाठही गाड्यांपुढे लिहिलं होतं, 'मॅन्युअल'. शेषरावनं त्यातली एकही सुटू दिली नव्हती.

कागद घेऊन दुसऱ्या दिवशी मी आणि वैशाली जिनिंगवर गेलो. शेठजींच्या आधी मी गोदामात गेले. शेषराव बारदानं मोजत होता.

"शेषराव, ह्या गाड्या तुम्ही कायले पुढं घेतल्या?"

त्यानं कागद लांब धरून वाचला. "सकाळपासून उभी असलेली गाडी तुमचं मशीन शेवटी दाखवे. बैलाच्या तोंडाले फेस. पाहवत नव्हतं मॅडम."

"मग मले फोन नाही करायचा? शेठजींले तरी सांगायचं!"

"काय सांगू? मशीन बसवलं त्या दिवशी तुम्हीच तं म्हटलं होतं, 'शेषराव, कॉम्प्युटर चुकत नाही, चुकते तो माणूस.' मले वाटलं आतमधी काही मोठा नियम असन. मी नियम मोडला, हे खरंच होतं. म्हणून शेठजींनी विचारलं तं हो म्हटलं."

मी तिथेच एका बारदानाच्या गठ्ठ्यावर बसले. हे वाक्य मी म्हटलं असणारच. त्या काळी सगळीकडे म्हणायची. लोक माऊसला हात लावायला घाबरायचे नाहीतर खेळत बसायचे, म्हणून जरा जरब.

शेठजींच्या केबिनमध्ये मी आधीच सांगून टाकलं, "चूक माझी आहे. कोड माझा." मग कागद समोर ठेवला. ते एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेले.

"पण तुमचं सॉफ्टवेअर तं चालूनच राह्यलं होतं!"

"ते चालत नव्हतं शेठजी. शेषराव चालवत होता."

व्यापारी माणूस, हार लगेच मानत नाही. "हे एकोणसाठ झाले. मी एकसष्ट मोजल्या होत्या. दोन कुठं गेल्या?"

"त्या दोन ट्रॅक्टर आहेत. त्यांचा हिशोब माझ्या कोडमध्ये लागत नाही." मी गाड्यांचे नंबर वाचून दाखवले.

शेठजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे… हे माह्या साळ्याचे हायेत. मीच फोन केलता गेटवर."

वैशाली खिडकीबाहेर पाहायला लागली. मी पाणी प्यायले.

शेषरावला बोलावणं गेलं. शेठजी टेबलावरचे कागद सारखे करत म्हणाले, "शेषराव, उद्यापासून गेटवर बस. मॅडमच्या सॉफ्टवेअरची गलती निघाली."

शेषराव जागचा हलला नाही. "शेठजी, इथं नाही. गेटवर चला. जिथं बोलले होते, तिथंच बोला."

मला वाटलं, झालं, आता हा माणूस हातानं नोकरी घालवतो. पण शेठजी उठले. गेटवर चौकीदार होता, चहावाला होता, काटा दुरुस्त करायला आलेले दोघं फिटर आणि हमाल होते. शेठजी मोठ्यानं म्हणाले, "शेषरावनं पैसे खाल्ले नाही. बरोबर गाड्या घेतल्या त्यानं." एवढं म्हणून ते परत फिरले. शेषरावनं खुर्चीवरची धूळ झटकली आणि बसला.

बटण आम्ही काढलं नाही. आता ते दाबलं की एका ओळीत कारण लिहावं लागतं. सीझन लागल्यावर मी कारणांचा कॉलम पाहिला. वाळवून आलेल्या गाड्यांसाठी बटण एकदाही दाबावं लागलं नव्हतं. बाकी कारणं 'बैल लंगडते', 'बाईले ताप' अशी. त्या मोठ्या फंक्शनचा आकडा आता सहा आहे.

मी यातून शिकले ते एवढंच. कोड गुंतागुंतीचा झाला की त्याचा त्रास लिहिणाऱ्याला सगळ्यात शेवटी होतो. गेटवर नाहीतर खिडकीवर बसलेला माणूस तोवर गुपचूप निभावून नेत असतो, आणि त्यालाच बोल लागतो. म्हणून हल्ली सॉफ्टवेअर बसवलं की मी तिथल्या माणसाला सांगते, "हे चुकू शकतं. तुम्हाला काही विचित्र दिसलं तर मला फोन करा."

फोन फार येतात. बहुतेक प्रिंटरचेच असतात.