तांदळातलं नाव आणि इस्तंबूलचा चुना
ओल्या चुन्याचा वास आला की माझा डावा गाल ठणकतो. गोदावरीकाठच्या आमच्या शहरात, द्वारका चौकाजवळच्या कार्यालयात माझंच लग्न होतं. रीतीप्रमाणे ताटातल्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहायला मी अंगठी टेकवली, तोच सासरे गरजले. माणूस फुलशेतीवाला, पण नुकताच इस्तंबूलची सहल करून आलेला. “थांबा जावईबापू! तिथं ख्रिस्ती साधूंच्या मठाचं चर्च पाहिलं मी. जिंकणाऱ्यांनी त्याची मशीद केली, भिंतीवरच्या संतांच्या तोंडावर चुना फासला. पुढं त्याचं संग्रहालय झालं, चुना खरवडला, तर चेहरे जागच्या जागी! आता परत मशीद हाय, पण चेहरे काय गेले नाय. माझ्या लेकीच्या नावावर चुना नाय फासायचा!” “आमचा पोरगा काय सुलतान हाय का, व्याहीबुवा?” म्हणत माझ्या वडिलांनी त्यांची कॉलर धरली. मग जी लढाई पेटली, ती खऱ्या सुलतानालाही झेपली नसती. नारळ तोफगोळ्यांसारखे सुटले, मामांचा दात जिलेबीच्या पाकात बुडाला, एका खुर्चीचे तुकडे तर थेट गोदावरीत जाऊन पडले. मी सोडवायला गेलो आणि कुणीतरी भिरकावलेली समई माझ्याच गालावर बसली. तांदूळ लाल झाले. तेव्हा नवरी उठली. “नाव माझं, आणि मारामारी तुमची?” माझ्या हातातली अंगठी हिसकावून तिनं त्या लाल तांदळात आपलं माहेरचंच नाव लिहिलं. “आता पुसून दाखवा.” दोन्ही बापांच्या हातातले नारळ हळूच खाली आले. तिचं नाव आजही तेच आहे. गालावरची खूण मी दाढीखाली लपवतो. दाढी केली की तीही जागच्या जागी असते.