डाव्या गालाचा नमुना

त्याला सगळे दोनहात म्हणायचे. भिंत कसलीही असो, ओल आलेली, पोपडे सुटलेली, पोरांनी खडूनं रेघोट्या मारलेली, हा तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचा, कान लावायचा आणि सांगायचा, "काही नाही, दोन हात मारले की झालं." दोन हात म्हणजे रंगाचे दोन थर, इतकं साधं ते. पण हे वाक्य त्यानं इतक्या घरांत म्हटलं होतं की आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

रंगारी म्हणून तो एक नंबरचा. फक्त एका गोष्टीवर त्याचं घोडं अडायचं, ते म्हणजे नमुना. गिऱ्हाईकानं शेड कार्डावर बोट ठेवून "हाच द्या" म्हटलं तरी हा डबा उघडायचा नाही. आधी भिंतीच्या कोपऱ्यात एक चौकोन रंगवणार, तो वाळू देणार, मग सकाळच्या उजेडात दाखवणार, दिव्याखाली दाखवणार, आणि "हा कोरा भाग बघा, आता हा बघा" असं करून त्या बिचाऱ्याचं डोकं उठवणार. कोऱ्याच्या शेजारी ठेवल्याशिवाय रंग कळत नाही असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

हे नमुने तो आधी घरी करून बघायचा. त्यामुळे त्याच्या स्वयंपाकघराची भिंत ठिगळं लावलेल्या चादरीसारखी झाली होती. लग्न झालं तेव्हा बायको म्हणाली होती, "यातला कुठलाही एक सगळ्या भिंतीला द्या." तो म्हणाला होता, "देऊ की. दोन हात मारले की झालं." त्यानंतर मुलगी झाली, शिकली, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. चौकोन वाढत गेले, हात काही पडले नाहीत. बायको पडदे शिवायची. कितीतरी घरांत त्याच्या भिंती आणि तिचे पडदे शेजारी शेजारी गुण्यागोविंदानं नांदत होते. घरात मात्र भिंत तसली, म्हणून तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदाच शिवला नव्हता. कुठल्या चौकोनाला जुळवून शिवणार?

अशात रंगाच्या एका कंपनीनं भरपूर डबे रिकामे करणाऱ्या रंगाऱ्यांसाठी सहल काढली. विमानानं, थेट कोरियाला, आणि प्रत्येकाला सोबत घरातलं एक माणूस. दोनहात मेहुण्याला घेऊन निघाला.

आता हे त्यानं का केलं? दुष्टपणा म्हणाल तर त्याच्या अंगात औषधालाही नव्हता. त्याच्या डोक्यात इतकंच होतं की हिला प्रवासात मळमळतं, विमानात तर विचारायलाच नको, आणि मेहुणा इलेक्ट्रिशियन असल्यामुळे परदेशात बरा पडेल. परदेशात इलेक्ट्रिशियन कशाला लागतो, हे काही त्यानं कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही सांगितलं नाही. तिला कळलं ते मेहुणा दारात येऊन, "ताई, तुझी चाकांची बॅग दे ना," म्हणाला तेव्हा.

"बरं," बायको म्हणाली आणि बॅग पुसून दिली.

बायकोचं हे "बरं" ऐकून शहाणा नवरा जागच्या जागी गुडघे टेकतो. दोनहात खुशाल विमानात जाऊन बसला.

सहलीत त्यानं काय पाहिलं म्हणाल तर भिंती. लोक तिथल्या उंच मनोऱ्याकडे माना वर करून बघत होते तेव्हा हा जिन्याच्या कोपऱ्यात उभा राहून टकटक करत होता. परतायच्या आदल्या दिवशी मेहुण्यानं विचारलं, "दाजी, ताईला काय घेतलंत?" दोनहातनं आठवून पाहिलं. घरून निघताना बायकोनं काहीच आणायला सांगितलं नव्हतं. नुसतं "जपून जा"सुद्धा म्हणाली नव्हती. इतक्या दिवसांनी, इतक्या लांब आल्यावर, त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की आपलं काहीतरी चुकलंय.

समोरच सौंदर्यप्रसाधनांचं दुकान होतं. आत शिरला आणि त्याला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. भिंतभर डब्या, बाटल्या, ट्यूब, आणि शेड कार्डं! दुकानातली मुलगी हसून पुढे आली, तिनं त्याच्या मनगटाच्या मागच्या बाजूला एक थेंब चोळला, मग वाट पाहिली, मग दुसरा थेंब, मग परत वाट पाहिली. दोनहातनं तिथं नखानं हळूच खरवडून बघितलं. सुटलं नाही. "एकावर एक थर देतात हे," तो मेहुण्याच्या कानात म्हणाला, "आणि मधे वाळू देतात! ही आपल्यातलीच पोरगी आहे." मुलीनं बोटांच्या खुणांनी सगळा क्रम समजावला. दोघांनी माना डोलावल्या आणि पिशवी भरून माल घेतला.

घरी आल्यावर खरी गंमत सुरू झाली. बायको त्याच्याशी बोलत नव्हती. म्हणजे घरात आवाज होता, पण तो भिंतीशी. "कुणाला जेवायचं असेल तर ताट वाढलंय." "कुणाचे सॉक्स दारात पडलेत, बघा." मेहुणा आला की त्याच्या मार्फत, "तुझ्या दाजींना विचार, चहा घेणार का." दाजी समोरच बसलेले असायचे.

दोनहातनं पिशवी शिलाई मशीनवर नेऊन ठेवली. "तुझ्यासाठी आणलंय. चेहऱ्याचं आहे."

बायकोनं पडद्याची चुणी सरळ केली. "ज्यानं आणलंय त्यानं लावावं," ती भिंतीला म्हणाली.

दुसरा कुणी असता तर समजला असता. दोनहातला मात्र हे गिऱ्हाईकाचं बोलणं वाटलं. बरोबरच आहे, बिचारीनं डोळे झाकून कसा विश्वास ठेवायचा? आधी नमुना दाखवायला हवा. आणि नमुना म्हटला की शेजारी कोरा भाग लागतोच. संध्याकाळी हातपाय धुऊन तो आरशासमोर बसला, कामावरची कागदी टेप काढली, कपाळाच्या मधोमध चिकटवली, ती नाकाच्या दांड्यावरून उतरवून हनुवटीपर्यंत नेली आणि बोटानं दाबून घेतली. डावी बाजू नमुना. उजवी बाजू कोरी.

डब्यांवरचं अक्षरही कळत नव्हतं. क्रमाबद्दल मेहुण्याचं मत एक आणि याचं दुसरं.

"दाजी, ती पोरगी आधी हिरवी बाटली म्हणाली होती."

"ती बोटं दाखवत होती. म्हणाली कुठं?"

शेवटी दोनहातनं धंद्यातला नियम लावला, आधी घासायचं, मग भरायचं, मग हात द्यायचे. खरखरीत होतं त्यानं घासलं, चिकट होतं ते भरलं, उरलेल्या सगळ्याचे दोन दोन हात दिले. प्रत्येक थरानंतर टेबल फॅनसमोर अर्धं तोंड धरून बसला. मग टेप काढली आणि मशीनपाशी जाऊन उभा राहिला. "बघ. हा कोरा. हा झालेला."

मशीन जोरात चालू लागलं.

तो नाउमेद झाला नाही. गिऱ्हाईक पहिल्या नमुन्याला हो म्हणत नाही, हा तर अनुभव होता. रोज संध्याकाळी टेप, रोज पंखा, रोज "बघ". कामावर मात्र त्याची चांगलीच शोभा झाली. चिकट गाल घेऊन तो भिंत घासायला उभा राहिला की भेगांत भरलेल्या लांबीची, म्हणजे पुट्टीची, पांढरी भुकटी नेमकी डाव्या बाजूवर बसायची. एका घरच्या म्हातारबाई डावीकडून आल्या आणि भूत पाहिल्यासारख्या किंचाळल्या, उजवीकडे जाऊन बघतात तर आपला रंगारी! त्यांनी आस्थेनं विचारलं, "तोंडावरून वारं गेलं का हो?" हा म्हणाला, "नाही, नमुना चालू आहे."

पण माल खरा होता, हे मान्य करायला हवं. हळूहळू डावा गाल असा उजळला, असा मऊ पडला की दाढी करताना हात तिकडे रेंगाळायचा. उजवा गाल तसाच, उन्हानं रापलेला. दोनहात मनातून हरखला. काहीही झालं तरी मनासारखं काम उतरलं होतं. शेजारच्या दुकानदारानंसुद्धा विचारलं, "काय लावता?" जिच्यासाठी एवढा खटाटोप ती मात्र मान वर करत नव्हती, आणि हे त्याला जेवताना, झोपताना, शिडीवर चढताना टोचत होतं. घरातली कटकट संपावी असं पूर्वी त्याला वाटायचं. आता कुणी नीट कटकट करावी म्हणून जीव तळमळत होता.

शेवटी पिशवीत एक पाकीट उरलं. आत ओल्या कागदाचा मुखवटा, डोळ्यांना भोकं, नाकाला फट. अख्खा चेहरा! नमुन्याला अर्धाच हवा. दोनहातनं इकडेतिकडे पाहिलं. मशीनवर बायकोची मोठी कात्री होती. बायको गॅलरीत कापड वाळत घालत होती. त्यानं कात्री उचलली आणि तो चिकट, गळका कागद कपाळापासून हनुवटीपर्यंत करकरा कापला. टेप तोंडावर होतीच; डावा तुकडा तिच्या कडेनं गालावर बसवला आणि उजवा पाकिटात परत टाकला.

शिवणाऱ्या बाईच्या कापडाच्या कात्रीनं कागद कापणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांना सांगायला नको. आणि इथं तर कागद ओला!

"अहो!"

दोनहात दचकला. हा आवाज भिंतीला नव्हता.

"माझी कात्री! अक्कल गहाण टाकलीय का? एवढी वर्षं या कात्रीला मी सुतळीसुद्धा दाखवली नाही, आणि तुम्ही... हा गोंद कसला लावलाय तिला? बोला ना! तोंड आहे की नाही?"

तोंड होतं, पण अर्ध्यावर ओला कागद आणि मधे टेप. त्यानं तसंच तिच्याकडे वळून पाहिलं. बायकोनं आणखी बोलायला तोंड उघडलं आणि तिथून हसूच फुटलं. ती हसली ती अशी हसली की मशीनला धरून खाली बसली, डोळ्यांना पाणी आलं, पुन्हा वर पाहिलं आणि पुन्हा हसली. दोनहातचा जीव भांड्यात पडला.

"आणा इकडे," शेवटी ती डोळे पुसत म्हणाली. "एवढं काय आणलंय ते लावा मला. तुमचा डावा गाल मी रोज चोरून बघतेय."

दोनहात धावत पिशवी घेऊन आला. पहिली डबी उघडली. रिकामी. दुसरी, रिकामी. बाटली उलटी करून तळव्यावर आपटली. ट्यूब तर त्यानं आधीच चपटी करून, गुंडाळून, शेवटचा थेंब काढलेली होती. सगळ्या मालाचा त्याच्या डाव्या गालावर चोख हिशेब लागला होता.

बायकोनं एकेक डबी हातात घेऊन पाहिली. मग तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीकडे पाहिलं. "भिंतीचं तेच केलंत," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. "सगळं नमुन्यातच संपवता तुम्ही. माझ्यापर्यंत काही पोचतच नाही."

तिनं आवाज चढवला असता तर त्याला सोपं गेलं असतं. त्यानं खाली पाहिलं. पाकिटात मुखवट्याचा उजवा अर्धा भाग तसाच ओला पडलेला होता. त्यानं तो उचलला, तिच्यासमोर स्टूल ओढून बसला आणि तिच्या उजव्या गालावर बसवायला लागला. भिंतीवर कागद चिकटवताना बुडबुडा राहू नये म्हणून बोटं फिरवतात, तशी हळूहळू फिरवली. इतक्या जवळून तिच्याकडे त्यानं कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. भुवईपाशी एक बारीक व्रण होता. तो कधी झाला, त्याला माहीत नव्हतं.

एकाच मुखवट्याचे दोन तुकडे लावून दोघं समोरासमोर बसले.

"मला विमानात मळमळतं, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"म्हणजे... तुला मळमळतंच ना."

"मी विमानात बसलेय कधी?"

दोनहातनं स्वतःच्या गालावरचा कागद उगाच दाबून बसवला. ओठाच्या कडेनं मुखवट्याचं पाणी गळत राहिलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "विचारायला हवं होतं. आता विचारतो. कधी जमलं तर येशील माझ्याबरोबर?"

"बघू," बायको म्हणाली. "आधी नमुना दाखवा."

त्यानं दुसऱ्या दिवशी काम बंद ठेवलं. दोघं स्टँडवरून सगळ्यांत लांब जाणाऱ्या बसमध्ये चढले. तिला खिडकीची जागा दिली. यानं एका पिशवीत धुतलेला, कोरडा, रंगाचा रिकामा डबा आणला होता. तो पायांच्या मागे सरकवून ठेवला आणि त्याबद्दल ब्र काढला नाही.

पहिला घाट सुरू झाला तेव्हा ती बोलायची थांबली. दुसऱ्या वळणाला तिनं पदर तोंडाशी धरला. चेहरा साफ उतरला होता, दोन्ही बाजूंनी सारखाच.

"छान हवा आहे नाही?" ती दात आवळून म्हणाली.

"छान आहे," दोनहात म्हणाला. 'मी सांगितलं होतं' हे शब्द त्याच्या जिभेवर येऊन परत गेले. त्यानं पायानं डबा जरा तिच्या बाजूला ढकलला. "पुढच्या थांब्याला उतरायचं का गं? तुला काय वाटतं?"

तिनं डब्याकडे पाहिलं, मग त्याच्या डाव्या गालाकडे. डबा उचलून मांडीवर घट्ट धरला.

"नाही," ती म्हणाली. "शेवटपर्यंत जायचं."